टोकियोचा रत्नपारखी

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी एक वाद झाला. भाऊबीजेला वाद होणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु हा वाद ओवाळणीवरून नव्हता, वाटणीवरून नव्हता, तर गाण्यावरून होता, आणि त्यात तीन पिढ्या उतरल्या होत्या.

झाले असे की, माझा भाचा आपली गिटार घेऊन आला होता. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि चार मित्र जमवून त्याने एक बँड काढला आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, मोठ्या कौतुकाने त्याला गायला सांगितले. वडिलांचा सारा जन्म नाट्यसंगीतावर पोसलेला. नातवाने दोन गाणी म्हटली. दोन्ही इंग्रजी. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सूर बरा आहे रे तुझा. पण हे मराठीत का नाही गात?"

"आजोबा, रॉक मराठीत बसत नाही. आणि मराठीत गायलं तर ऐकणार किती जण? इंग्रजीत गायलं तर सगळं जग ऐकेल."

आता वाचकहो, मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. "सर, मराठी घेऊन पुढे काय?" हा प्रश्न दर जूनमध्ये मला कोणी ना कोणी विचारतोच. घरात तरी तो ऐकावा लागू नये एवढीच माझी माफक अपेक्षा होती. त्यामुळे माझ्याच्याने गप्प बसवेना. मी बोललो; जरा जास्तच बोललो. ज्ञानेश्वरांपासून सुरुवात केली एवढे सांगितले म्हणजे पुरे. शेवटी बहीण आतून ओरडली, "पुरे झालं, फराळ गार होतोय!" फराळ कधी गार होत नसतो, पण वाद गार करायला तेवढे निमित्त पुरले.

निघताना भाचा दारात थांबला. "मामा, एक रेकॉर्ड पाठवतो तुला. चौघे जपानी आहेत, पण इंग्रजीत गातात. पन्नास वर्षांपूर्वीचे. आधी ऐक, मग भांडू."

ती रेकॉर्ड मी त्या रात्री ऐकली. आणि मग पुढचे कित्येक महिने, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून वेळ काढून, तिच्यामागच्या माणसाची कहाणी शोधत बसलो. कारण तसतसे माझ्या ध्यानात येत गेले की आमच्या दिवाणखान्यातला वाद हा आमचा नव्हेच. तो १९७० साली टोकियोत जसाच्या तसा होऊन गेलेला आहे.

कानठळ्या आणि साक्षात्कार

रेकॉर्डचे नाव 'सातोरी'. गाणाऱ्यांचे नाव फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड. साल १९७१. सुमारे चाळीस मिनिटांची ही मुद्रिका. तिचे पाच भाग, आणि त्या पाचांना स्वतंत्र नावेदेखील नाहीत. सातोरी एक, सातोरी दोन, असे पाचापर्यंत.

'सातोरी' हा झेन पंथातला शब्द. एकाएकी होणारी जागृती, साक्षात्कार असा त्याचा अर्थ. आणि 'झेन' हा शब्द तर आपल्याच घरचा. संस्कृतातले 'ध्यान' चीनमध्ये गेले, तिथे 'छान' झाले, आणि समुद्र ओलांडून जपानात गेल्यावर 'झेन' झाले. तेव्हा मी डोळे मिटून, ध्यानाला बसावे तसा, कानात यंत्र घालून बसलो.

पहिल्या मिनिटातच माझे ध्यान भंगले. ज्याला हेवी रॉक म्हणतात ते हेच: विजेवर चालणाऱ्या गिटारी, त्यांचा आवाज मुद्दाम फुगवून खरबरीत केलेला, खाली जड पावलांनी चालणारे ड्रम, आणि त्या सगळ्याच्या वर एका माणसाची आरोळी. किंकाळीच म्हणा ना. माझा हात यंत्राकडे गेला होता. पण भाच्याला शब्द दिलेला. म्हणून बसून राहिलो.

आणि मग हळूहळू एक गंमत जाणवू लागली. ती गिटार विलायती रस्त्याने जातच नव्हती. स्वरावरून स्वरावर उडी मारण्याऐवजी ती मध्येच रेंगाळत होती, मींड घेतल्यासारखी सरकत होती. एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा आळवीत होती. खाली एखादा स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला. शब्द फार थोडे. जे होते ते इंग्रजी. पण त्यांच्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते. त्या आरोळीतही एक शिस्त होती. ती जिथे चढायची तिथेच चढत होती आणि स्वर चुकत नव्हती.

मला ते आवडले असे एकदम म्हणवत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा लावले, हेही खरे.

स्वतः गाणारा, दुसऱ्याला ऐकणारा

या चौघांना एकत्र आणणाऱ्या माणसाचे नाव युया उचिदा. १९३९ साली कोबे शहरात त्याचा जन्म झाला. तोही गायकच. टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहात त्या काळी 'वेस्टर्न कार्निव्हल' नावाचे जलसे होत. अमेरिकन धर्तीची गाणी, समोर किंचाळणाऱ्या मुली, असा तो प्रकार. १९५९ साली उचिदा त्या रंगमंचावर आला. १९६६ च्या उन्हाळ्यात बीटल्स जपानात आले आणि बुदोकानच्या सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले, तेव्हा त्यांच्या आधी गाणाऱ्या जपानी कलावंतांत उचिदाही होता.

गायक म्हणून त्याचे नाव होते. पण असामान्य म्हणावा असा त्याचा गळा नव्हता. असामान्य होते ते त्याचे कान. ओसाकाच्या एका गाण्याच्या अड्ड्यावर त्याने काही पोरे ऐकली आणि त्यांना टोकियोला यायला सांगितले. तीच पुढे 'द टायगर्स' या नावाने जपानभर गाजली, आणि त्यांचा गायक केंजी सावादा हा तर दशकानुदशके त्या देशाचा लाडका झाला. उचिदाची पारख अशी होती.

त्यानंतर उचिदा युरोपात जाऊन आला. तिकडे त्याने क्रीम ऐकले, जिमी हेंड्रिक्स ऐकला, आणि त्याचे डोळे उघडले. जपानात तेव्हा रॉक म्हणून जे चालले होते ते गोड होते, गणवेशातले होते, रेकॉर्ड कंपन्यांनी लिहून दिलेले होते. तिकडची माणसे आपले गाणे आपण करीत होती आणि वाद्यांना हवे तितके बोलू देत होती. परत येऊन उचिदाने 'फ्लॉवर्स' नावाचा ताफा जमवला. १९६९ साली त्यांची रेकॉर्ड निघाली. तिच्या वेष्टनावर सगळी मंडळी दिगंबर अवस्थेत होती! बोभाटा व्हायचा तेवढा झाला. पण आतली गाणी बहुतेक उसनीच होती.

इथे उचिदाने जे केले, त्यासाठी मला हा माणूस मोठा वाटतो. तीस वर्षांचे वय, दहा वर्षांचा नावलौकिक, स्वतःच्या नावावर चालणारा ताफा. अशा वेळी सामान्य माणूस काय करतो? आणखी एक रेकॉर्ड काढतो. उचिदाने आपला ताफा मोडला आणि स्वतः रंगमंचावरून खाली उतरला. आपण गायचे नाही. आपल्याहून सरस गाणारा शोधायचा आणि त्याच्यामागे उभे राहायचे, असे त्याने ठरवले. आपल्याकडेही जुन्या नाटक मंडळ्यांत असे मालक होऊन गेले. पण ते थोडेच. रंगाची एकदा चटक लागली की आरशासमोरून उठवत नाही.

जोजी वादा हा ड्रमवादक त्याने जुन्या ताफ्यातून घेतला. गिटारसाठी हिदेकी इशिमा, बासवर जुन कोझुकी. आणि गळा मिळाला तो अकिरा यामानाका याचा, ज्याला सगळे 'जो' म्हणत. हा जो म्हणजे योकोहामाचा पोरगा. 'हेअर' या अमेरिकन संगीत-नाटकाचा जपानी प्रयोग टोकियोत झाला, त्यात तो होता. तारसप्तकात सहज फिरणारा, पोलादी पात्यासारखा त्याचा आवाज.

१९७० साली या चौघांची पहिली रेकॉर्ड निघाली, 'एनीव्हेअर'. तीतही परक्यांचीच गाणी होती. मडी वॉटर्सचे एक, किंग क्रिमसनचे एक, आणि ब्लॅक सॅबथचे एक. ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड इंग्लंडात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निघालेली. म्हणजे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या पोरांनी काढलेला तो काळोखा सूर वर्षाच्या आत टोकियोत येऊन पोहोचला होता.

जत्रेतली गाठ

त्याच वर्षी ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले. मार्च ते सप्टेंबर १९७०, सत्त्याहत्तर देश, आणि सहा कोटींहून अधिक प्रेक्षक. 'मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद' हे त्याचे ब्रीद. अमेरिकेने चंद्रावरून आणलेला दगड मांडला होता, त्यासमोर लोक तासन्‌तास रांगा लावून उभे राहत.

कॅनडातून तिथे 'लाइटहाऊस' नावाचा वाद्यवृंद आला होता. टोरांटोत १९६८ साली निघालेला हा तेरा-एक जणांचा संच. रॉकच्या जोडीला त्यात पितळी वाद्ये होती, व्हायोलिने होती. पॉल हॉफर्ट हा त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक. संगीताचा शिकलेला, स्वरलेखन करणारा, पियानो आणि व्हायब्राफोन वाजवणारा जाणता माणूस. त्या प्रदर्शनात दोन्ही ताफे वाजले. कॅनडाच्या मंडळींनी या चौघा जपान्यांना ऐकले आणि आमंत्रण दिले: आमच्याकडे या.

आता कल्पना करा. जपानी रॉकवाल्याने विलायती गाणे शिकावे, वाजवावे, फार तर त्याची नक्कल करून घरच्या लोकांकडून टाळ्या मिळवाव्यात, अशी तोपर्यंतची रीत. विलायतेच्या मुलुखातून आलेला जाणकार उलट "तुम्ही आमच्याकडे या" म्हणतो, ही गोष्ट उचिदाला केवढी वाटली असेल! त्याने आपल्या पोरांना १९७० संपता संपता टोरांटोला धाडले. जाण्यापूर्वी 'सातोरी' ध्वनिमुद्रित झाली होती; ती पुढल्या एप्रिलात निघाली.

टोरांटोत ते वर्षभर राहिले. कडाक्याची थंडी, तोडकी भाषा, परके अन्न. तरी गाणे चालले. इमर्सन, लेक अँड पामर यांच्यासारख्या नामांकितांच्या आधी त्यांनी मंच सांभाळला. हॉफर्टने त्यांची पुढली रेकॉर्ड स्वतः निर्माता होऊन केली. ती १९७२ साली निघाली, आणि तिचे नाव होते 'मेड इन जपान'! टोरांटोत कॅनडाच्या माणसाने घडवलेल्या मालावर हा शिक्का मारण्यात मिस्कीलपणा होता, तसा अभिमानही होता. कारण त्या काळी परदेशात 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्त खेळणी आणि खिशातले रेडिओ असाच समज पुष्कळांचा होता. त्याच वर्षाच्या शेवटी डीप पर्पल या इंग्रज ताफ्याने ओसाका-टोकियोतल्या आपल्या कार्यक्रमांची रेकॉर्ड याच नावाने काढली, आणि जगाला ठाऊक झाली ती तीच. नशीब म्हणतात ते असे.

तो जुना वाद

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

हे सगळे चालू असताना टोकियोत एक वाद पेटला होता. जपानी लोक त्याला आजही 'जपानी भाषेतील रॉकचा वाद' म्हणून ओळखतात. एका बाजूला उचिदा. त्याचे म्हणणे असे की, रॉकचा ताल इंग्रजीतूनच जन्मला आहे. जपानी शब्द त्याच्यावर बसत नाहीत. आणि जगात जायचे असेल तर जगाच्या भाषेत गायला हवे. दुसऱ्या बाजूला 'हॅपी एंड' नावाचा चौघांचा ताफा: हारुओमी होसोनो, एइची ओहताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो. त्यांचे म्हणणे, आम्ही ज्या भाषेत स्वप्न पाहतो त्याच भाषेत गाणार. ते गातही होते.

उचिदाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे भाषेचा शिक्षक म्हणून मला कबूल केले पाहिजे. जपानी शब्द बहुधा स्वरान्त असतात. त्यांची अक्षरे जवळजवळ सारख्या लांबीची, मण्यासारखी एकामागून एक येतात. इंग्रजीत एका अक्षरावर आघात पडतो आणि बाकीची दबून जातात. शब्दाच्या शेवटी व्यंजन टणत्कार करून थांबते. ड्रमच्या ठोक्याला तेच सोयीचे. आपल्याकडे मात्रावृत्तात रुळलेल्या कवीला गणवृत्त लिहिताना जी कसरत पडते, तसलीच ही अडचण.

'हॅपी एंड'ने ती अडचण कशी सोडवली, हे पाहण्यासारखे आहे. त्यांची गाणी लिहिणारा मात्सुमोतो हाच त्यांचा ड्रमवादक होता! जो ठोका देतो तोच शब्द लिहितो. त्यांनी शब्द ताणले, मध्येच तोडले, नको तिथे थांबवले, आणि त्या ओढाताणीतून जपानी भाषेची एक नवीच चाल निघाली. एका प्रतिष्ठित संगीत-मासिकाने त्यांच्या पहिल्या रेकॉर्डला पारितोषिक दिले. १९७१ साली त्याच मासिकाच्या बैठकीत उचिदा आणि हे तरुण समोरासमोर बसले. आपल्या पोरांना डावलून यांना मान मिळाला, ही उचिदाची तक्रार होती. त्या बैठकीचे वर्णन वाचताना मला आमची भाऊबीज आठवली आणि हसू आले. फरक एवढाच की तिथे वडीलधारा इंग्रजीच्या बाजूने होता आणि पोरे मायबोलीच्या!

आणखीही एक गोष्ट आहे. उचिदाच्या डोळ्यांदेखत एक जपानी गाणे जग फिरून आले होते. क्यू साकामोतो या गोड गळ्याच्या तरुणाचे, मान वर करून चालण्याचे ते गाणे १९६१ साली जपानात निघाले. ब्रिटनच्या पाय रेकॉर्ड्सचे लुई बेंजामिन यांनी जपानात ते ऐकले आणि धून घरी नेली. मूळ नाव इंग्रजांच्या जिभेला वळणार नाही म्हणून त्याचे नाव ठेवले 'सुकियाकी'. हा एका मांसाहारी पदार्थाचा शब्द, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोणी आपल्या भावगीताला परदेशात 'मिसळ' म्हणावे तसलाच हा प्रकार. तरी १९६३ च्या जूनमध्ये साकामोतोचे मूळ जपानी गाणे अमेरिकेच्या यादीत तीन आठवडे पहिले होते. अमेरिकनांना त्यातला एक शब्द कळत नव्हता.

उचिदाला हे ठाऊक नसणे शक्य नाही. पण ते हळुवार गाणे होते. रॉकचे शास्त्र वेगळे, असे त्याने स्वतःला समजावले असावे. माणूस एकदा मताला चिकटला की पुरावा त्याच्या दारावरून रिकाम्या हाताने परत जातो. मी ज्ञानेश्वरांपासून सुरुवात केली तेव्हा माझेही तेच झाले होते.

हिशेब

फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड १९७२ साली परत आला. कॅनडात मान मिळाला, पण घरी खप बेताचाच. १९७३ च्या आरंभी रोलिंग स्टोन्स जपानात यायचे होते आणि त्यांच्या आधी गाण्याचा मान या चौघांना मिळायचा होता. जपान सरकारने मिक जॅगरला प्रवेश नाकारला आणि सगळा दौराच रद्द झाला. त्याच एप्रिलात ताफा मोडला. तिकडे 'हॅपी एंड' तर त्याआधीच, १९७२ च्या अखेरीस, मोडला होता. वाद घालणारे दोन्ही पक्ष असे चार महिन्यांच्या अंतराने रणांगण सोडून गेले.

मग या वादाचा निकाल काय लागला? तो लागायला ३५ वर्षे लागली, आणि लागला तो मोठा मजेदार लागला.

२००७ साली 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या जपानी आवृत्तीने जपानी रॉकच्या सर्वोत्तम शंभर रेकॉर्डची यादी केली. पहिला क्रमांक 'हॅपी एंड'च्या १९७१ सालच्या 'काझेमाची रोमान'ला, म्हणजे शुद्ध जपानीतल्या रेकॉर्डला. आणि त्याच वर्षी इंग्लंडात ज्युलियन कोप यांचे 'जॅपरॉकसॅम्पलर' हे पुस्तक आले. कोप हे स्वतः मुरलेले रॉक गायक. लिव्हरपूलच्या 'द टीअरड्रॉप एक्सप्लोड्स' या ताफ्यामुळे नावारूपाला आलेले. जपानच्या जुन्या रॉकचा शोध घेत त्यांनी पन्नास रेकॉर्डची यादी केली. पुस्तकातल्या काही तपशिलांवर जाणकारांनी आक्षेप घेतले; पण त्यांच्या कानावर कोणी घेतला नाही. त्या यादीत पहिला क्रमांक कोणाला? 'सातोरी'ला.

घरचा कौल मायबोलीला आणि परक्याचा कौल उचिदाच्या पोरांना. दोघेही जिंकले म्हणायचे!

पण थोडे खोलात गेले की दिसते, उचिदाचे पोरगे जिंकले ते उचिदाच्या कारणाने नव्हे. 'सातोरी' ऐकून परका माणूस थक्क होतो तो तिच्यातल्या इंग्रजी शब्दांमुळे नाही. ते शब्द थोडे आणि साधे आहेत. तो थक्क होतो जोच्या आरोळीने आणि इशिमाच्या त्या सरकत्या, रेंगाळत्या, पूर्वेकडच्या गिटारने. म्हणजे जे त्यांनी जगासाठी उसने घेतले ते जगाने बाजूला ठेवले, आणि जे नकळत घरून आले होते ते उचलले. रेकॉर्डचे नावसुद्धा जपानीच राहिले आहे ना?

तसेच 'हॅपी एंड'चेही. आपल्या गावासाठी, आपल्या भाषेत गायलेले त्यांचे वारा गोळा करण्याचे एक गाणे २००३ साली 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या अमेरिकन चित्रपटात वाजले आणि जपानी न येणाऱ्या कितीतरी लोकांच्या मनात जाऊन बसले. त्यांनी जगाकडे पाठ केली होती. जगच फेरी मारून समोर आले.

उचिदाचे मत चुकले असेल. त्याचे कान चुकले नाहीत. मतापेक्षा कान शहाणे असतात, हे संगीताच्या धंद्यात मुरलेल्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरते. त्याने इंग्रजी येणारी माणसे शोधली नाहीत, गाणारी शोधली. भाषेचा आग्रह नंतरचा.

पुढे काय झाले

पुढे जो यामानाकाने १९७७ साली एका गाजलेल्या चित्रपटाचे गीत गाऊन मोठे यश मिळवले, आणि नंतर तो जमैकाच्या रेगी संगीताकडे वळला. इशिमाची वाट तर थेट आपल्या अंगणात आली. तो सतारीच्या नादी लागला आणि सतार व विजेची गिटार यांचा संकर करून त्याने 'सितारला' नावाचे वाद्य घडवून घेतले. पहिल्या रात्री माझ्या कानाला जो भास झाला तो निव्वळ भास नव्हता तर! २००७ साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २००८ साली, ३५ वर्षांच्या खंडानंतर, त्यांची नवी रेकॉर्ड निघाली. २०११ च्या ऑगस्टमध्ये जो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

उचिदा मात्र शेवटपर्यंत उचिदाच राहिला. १९७३ च्या अखेरीस त्याने वर्षअखेरच्या रात्रीचा रॉक महोत्सव सुरू केला आणि तो दरवर्षी चालवला. चित्रपटांत कामे केली. १९९१ साली टोकियोच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून पडला. त्याची पत्नी किरिन किकी ही जपानची थोर अभिनेत्री. 'शॉपलिफ्टर्स' चित्रपटातली आजी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचा चेहरा विसरता येणार नाही. दोघांचा संसार जगावेगळा. लग्नानंतर थोड्याच काळात वेगळी राहू लागली, पण काडीमोड कधी झाली नाही. २०१८ च्या सप्टेंबरात ती गेली आणि सहा महिन्यांनी, मार्च २०१९ मध्ये, तोही गेला.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे मीही बरोबर आणि तूही बरोबर?" त्याने विचारले. मी म्हटले, "म्हणजे दोघांनीही एकमेकांची रेकॉर्ड ऐकावी." मग मी त्याला 'काझेमाची रोमान' पाठवली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, एक शब्द कळत नाही. पण चार वेळा ऐकली." तो मराठीत गाऊ लागला आहे, असे काही सांगून मी या लेखाचा शेवट गोड करणार नाही. त्याचा बँड अजून इंग्रजीतच गातो. मी मात्र पूर्वी त्याला काय गातोस म्हणून विचारायचो, हल्ली कसे गातोस म्हणून विचारतो. एवढा फरक पडला.

आणि वडील? एका संध्याकाळी, त्यांना न सांगता, मी 'सातोरी'चा पहिला भाग लावला. ती आरोळी घरभर घुमली. स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज आला. वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. आता काय ऐकावे लागते म्हणून मी मान खाली घालून बसलो.

"कोण रे हा?"

"जपानी आहे, बाबा. गेला तो, झाली काही वर्षं."

त्यांनी डोळे मिटले. गाणे पुढे सरकले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ओरडतो भयंकर. पण तार षड्ज बघ, केसभर हलला नाही." आणि क्षणभर थांबून, "पुन्हा लाव पाहू."